मनकर्णाची मूठ आणि मडमची ओटी

मनकर्णा आयुष्यात तीनदा गप्प बसली. एकदा नवरा गेला तेव्हा, दुसऱ्यांदा माझ्यामुळे, आणि तिसऱ्यांदाचं शेवटी सांगतो. एरवी हिवरकुंडच्या शिवारात तिचा आवाज बंद झाला तर लोक आधी आभाळाकडे बघत आणि मग जनावरं मोजत.

मी तिला पाहिलं ते चव्वेचाळीस साली. मी दिलावर, नगरच्या कापडबाजारातल्या शिंप्याचा मुलगा. शेतकी शाळा शिकून नुकताच सरकारी नोकरीला लागलो होतो. वय तेवीस, अंगात खाकी कोट आणि डोक्यात हवा. लढाई चालू होती, भिंतीभिंतींवर ‘जास्त धान्य पिकवा’ असं लिहिलेलं होतं, आणि ते धान्य मी एकटाच पिकवणार आहे अशा थाटात मी सायकलवरून गावोगाव हिंडत असे. लोक उठून उभे राहत. ते कोटासाठी उभे राहत होते हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

यंत्रावर माझा विश्वास का होता, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला नुसता शहाणा समजाल. माझे अब्बा हाताने टाके घालत. त्यांचे डोळे तिशीतच पाणी गाळायला लागले. मग घरात पायाने चालवायचं शिलाई मशीन आलं, आणि आमच्याकडे दोन्ही वेळा चूल पेटू लागली. आमची अम्मी बद्रुन्निसा अजूनही त्या मशीनवरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसते. माझ्या लेखी यंत्र म्हणजे घरातला कर्ता माणूस होता. हाताने केलेलं काम म्हणजे अब्बांचे लाल डोळे. त्यामुळे भाद्रपदात खात्याने माझ्या हवाली पेरणीचं यंत्र केलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते लॉरीत चढवताना हमालांना हातसुद्धा लावू देईना. शेवटी ते माझ्या पायावर पडलं तेव्हा लावू दिला.

लॉरी सुप्यापर्यंत आली. तिथून बैलगाडीत घालून मी यंत्र दोन कोसांवरच्या हिवरकुंडला नेलं. हिरवा रंग, तांबडी चाकं, वर बियाण्याची लांबट पेटी आणि पेटीला टोपीसारखं झाकण. पेटीच्या तळाशी खाचांची फिरकी. चाक फिरलं की फिरकी फिरायची, टक-टक वाजायची, आणि प्रत्येक टकीला मोजून बी तीन नळ्यांतून खाली पडायचं. गावातल्या रंगुबाईने कमरेवर हात ठेवून त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर मडम हाय!” झालं, त्या घटकेपासून माझं यंत्र मडम झालं.

आता मडम यायच्या आधी पेरणी कशी होत होती ते सांगायला हवं. लाकडी पाभरीला तीन फण, फणांना तीन पोकळ नळ्या, आणि तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाटीत आलेली. ती वाटी म्हणजे चाडं. एक गडी बैल हाकतो. मागून एक बाई पदराच्या ओच्यात बी घेऊन चालते, आणि मुठीतून ते चाड्यात सोडते. सगळं काम त्या मुठीचं. मूठ सैल पडली तर रोपं एकमेकांच्या उरावर बसतात, आवळली तर रान टकलं होतं. आणि चूक त्या दिवशी कळत नाही. बी मातीत गेलं की सगळेच शहाणे. आठव्या दिवशी कोंब वर येतात आणि अख्ख्या गावाला दाखवतात की बाईचं लक्ष कुठे होतं.

मनकर्णाची मूठ पारनेर तालुक्यात नावाजलेली होती, आणि त्या मुठीचं मूळ होतं तिच्या जिभेत.

अकराव्या वर्षी ती लग्न होऊन हिवरकुंडात आली. सासू मुक्ताबाई. ही मुक्ताबाई अशी की तिच्या बोलण्याने कोंबड्या अंड्यावरून उठत. तिने सुनेला मूठ शिकवली ती अंगणात, रिकाम्या पाभरीमागे, मुठीत चुलीतली राख देऊन. सासू पुढून पाभर ओढायची आणि ओढता ओढता सुनेच्या माहेरची सात पिढ्यांची झाडाझडती घ्यायची. पोर मागून तोंडातल्या तोंडात उलट उत्तरं द्यायची. सासूच्या एका वाक्याला मनकर्णाची दोन, आणि दर वाक्याला चिमूटभर राख. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षांनी सासूने अंगणातली राखेची रेघ पाहिली. ती सुतासारखी होती. “मूठ बसली गं,” म्हणाली, आणि लगेच पुढची शिवी दिली. तेव्हापासून मनकर्णाला पेरताना बोलावंच लागे. जीभ चालली तर मूठ चाले.

विसाव्या वर्षी पटकीने तिचा नवरा गेला. तेव्हा ती महिनाभर गप्प होती. मग पेरणी आली. विधवेच्या हातची पहिली मूठ कशी चालेल म्हणून पाटलांनी सवाष्ण बघितली. ती रंगुबाई. रंगुबाईने पाटलांच्या चिंचेजवळच्या पट्टीत असं काही पेरलं की एका कोपऱ्यात मुंगीला वाट नव्हती आणि उरलेल्या रानात बैलगाडी फिरली असती. दुसऱ्या वर्षी पाटलीणबाई, म्हणजे बनुबाई, चारचौघांत म्हणाली, “जोंधळ्याला कपाळ दिसत न्हाई. बोलवा मनकर्णाला.”

तेव्हापासून दरवर्षी उत्तरा नक्षत्रात पेरणीच्या पहिल्या सकाळी सगळा गाव बांधावर जमे. बनुबाई स्वतःच्या हाताने पाच ओंजळी बी मनकर्णाच्या पदरात घाली, आणि मनकर्णाची मूठ चाड्यावर पडल्याशिवाय गावात कुणाची पाभर हलत नसे. उरलेलं वर्षभर मनकर्णा लग्नात मागच्या दाराला, बारशाला चुलीपाशी, हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या घरी. गाव तिला पुढे बोलवायचा तो या एका सकाळी. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. खाकी कोटातली माणसं फार विचारत नाहीत.

पाटील, म्हणजे मच्छिंद्र पाटील, माणूस सरळ. चावडीवर मडमभोवती गर्दी होती, तिथेच त्यांनी निवाडा दिला. चिंचेच्या पट्टीचे दोन भाग करायचे. अर्ध्यात मडम, अर्ध्यात मनकर्णा. आठव्या दिवशी बघायचं. मडमचं रान सरस निघालं तर पुढल्या सालापासून सगळ्या गावची पेरणी मडमची.

“मंग मी?” मागून मनकर्णा म्हणाली.

“तू बस की निवांत,” पाटील म्हणाले. “लई चाललीस उन्हातान्हात.”

“निवांत बसाया मी काय म्हसोबा हाय?”

लोक हसले. मीही हसलो. पण ती हसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी मनात म्हटलं, सुरुवातीला वाटतंच वाईट. अब्बांनाही नव्हतं का वाटलं?

पेरणीचा दिवस उजाडला. मी फिरकीला तेल घातलं, पेटीच्या तळाशी थोडं बी टाकलं, बैल जुंपायला सांगितले, एवढ्यात बायकांचा घोळका वाजतगाजत बांधावरून आला. पुढे बनुबाई, हातात ताट. गावात नवी सासुरवाशीण आली तर तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय कामाला कसं जुंपायचं? त्यांनी मडमच्या टोपीला हळद लावली, कुंकू लावलं. मग रंगुबाई म्हणाली, “वटी नगं का भरायला? पोटुशी तर हायच की, पोट बगा केवढं!”

आणि त्यांनी माझ्या देखत झाकण उघडून यंत्राची ओटी भरली. गहू, सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम, वर नारळ आणि खण.

मी का अडवलं नाही? अम्मीची शिकवण. ‘परक्याच्या देवाधर्माच्या कामात मान खाली घालून उभं राहावं, बेटा, आणि प्रसाद दिला तर खावा.’ मी मान खाली घालून उभा राहिलो. सगळ्या परत फिरल्यावर हळूच नारळ आणि खण बाहेर काढला, वर दिसली ती एक खारीक काढून खाल्ली, आणि बाकीचं झालं असेल इकडेतिकडे म्हणून वरून उरलेलं बी ओतून झाकण लावलं. हळकुंड आणि सुपाऱ्या बियाण्याखाली घरंगळल्या असतील, असा विचार शेतकी शाळेत शिकलेल्या डोक्याला शिवला नाही.

मनकर्णा तेव्हा लांब, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. ओटीच्या ठिकाणी तिने यायचं नव्हतंच. तिथूनच ओरडली, “लोखंडाची वटी! आन् तिचा घरधनी कोन गं, त्यो लॉरीवाला?” बायका खिदळल्या. मला त्यात फक्त गंमत दिसली. आज त्या सकाळची आठवण आली की स्वतःचा कान धरून पिळावासा वाटतो. तिच्या पदरात त्या दिवशी बनुबाईने बी घातलंच नव्हतं. गडबडीत राहून गेलं. मनकर्णाने टोपलीतून आपल्या हाताने घेतलं.

तिचे बैल हाकायला पाटलांचा गडी कानिफनाथ होता. पन्नाशीचा, कानांनी ठार बहिरा. दिवसभर तिच्याबरोबर काम करू शकेल असा गावात तो एकच पुरुष, आणि बावीस वर्षांत त्याची तिच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती.

काम सुरू झालं. मडम निघाली, टक-टक, टक-टक. मी मागून कान देऊन चालत होतो, कारण आमच्या साहेबांनी बजावलं होतं, टकटक नीट ऐका, टकटक आहे तोवर बी पडतंय. पण ऐकू कसं येणार? शेजारच्या अर्ध्या पट्टीतून मनकर्णा गावच्या कुठल्याशा म्हशीच्या सोयरिकीचं सांगायला लागली होती, आणि तो आवाज वाऱ्याबरोबर थेट माझ्या कानात.

“बाई, जरा गप्प बसा!” मी ओरडलो. “ही रिकामी बडबड बंद करा. यंत्राचा आवाज ऐकू येत नाहीये मला!”

“सायेब म्हनत्यात तर गप ऱ्हा गं,” पाटील बांधावरून म्हणाले.

ती गप्प झाली. एक फेरी गेली, दुसरी फेरी गेली. शिवारात फक्त टक-टक. किती छान वाटलं म्हणून सांगू! वाटलं, हाच तो नवा जमाना.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी कानिफनाथाने बैल वळवताना सहज मागे पाहिलं. मनकर्णाचे ओठ मिटलेले. त्याने पुन्हा पाहिलं. अजून मिटलेले. बावीस वर्षांत असं झालेलं नव्हतं. त्याने कासरा टाकला, “आरं, बाईला भोवळ आली!” म्हणून बोंब ठोकली, पळत जाऊन चिंचेखालची घागर आणली आणि सगळी तिच्या डोक्यावर रिकामी केली.

“मुडद्या!” मनकर्णा किंचाळली. “भोवळ न्हाई आली! गप बसवलंय मला!”

कानिफनाथाला ऐकू काहीच आलं नाही, पण ओठ हललेले दिसले. “आली सुदीवर,” म्हणून त्याने समाधानाने कासरा उचलला. त्यानंतर मनकर्णा जी बोलायला लागली ती दिवस कलेपर्यंत थांबली नाही. मीही नाद सोडला. मडमचं काम तिच्या निम्म्या वेळात आटोपलं. मी चिंचेखाली बसून वहीत लिहिलं, ‘यंत्र विनातक्रार चालले.’

आठव्या दिवशी सकाळी मी सायकल दामटत आलो तेव्हा गाव आधीच बांधावर होता. सगळे माझ्याकडे बघत होते, प्रेताच्या नातेवाइकाकडे बघावं तसे.

माझ्या अर्ध्या पट्टीत दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, उगवलेली, एक टकलं. पुन्हा दोन उगवलेली, एक टकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. मधल्या तासांत कोंब म्हणून नव्हता. फक्त एका कोपऱ्यात, अगदी सुरुवातीला, मूठभर काहीतरी हिरवं तरारून आलं होतं. रंगुबाई खाली बसली, पातं चिमटीत धरून पाहिलं, आणि उठून सगळ्यांना सांगितलं, “मडम बाळंत झाली. गहू झालाय.”

हसून हसून लोक बांधावर लोळले. एका म्हाताऱ्याला पाणी पाजावं लागलं. मी तसाच गोठ्याकडे गेलो, मडम बाहेर ओढून आणली, मधल्या नळीत तार घातली आणि खुपसत राहिलो. आधी सुपारी पडली. मग दुसरी. मग आडवं अडकलेलं हळकुंड निघालं, चांगलं बोटाएवढं.

मनकर्णा माझ्या डोक्यावर येऊन उभी होती. “माझ्या चाड्यात काडी जरी आडकली तरी बी वर तुंबतंय, बोटास्नी लगीच कळतंय,” ती म्हणाली. “हिला कसं कळावं? हिला बोटं कुटं हायेत?”

“हो,” मी म्हणालो.

“आन् दिसभर टकटक तर करत हुती की?”

“चाक फिरत होतं, म्हणून वाजत होतं. खाली बी पडो न पडो.”

“आस्सं,” मनकर्णा म्हणाली. “म्हंजी रिकामी बडबड.”

मी वहीत काही लिहीत असल्यासारखं केलं.

मग गाव मनकर्णाच्या अर्ध्याकडे वळला. तिच्या पहिल्या दोन फेऱ्यांची सहा तासं पाहून मला जरा धीर आला, कारण ती अगदीच भिकार होती. कुठे हातभर मोकळं, कुठे झुबका. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. “मनकर्णे, हे काय गं?”

तिने नुसती हनुवटी माझ्याकडे केली. “मला गप बसवलं हुतं ती तासं हायेत ती. कानिफनं पानी वतलं तितनं फुडं बगा.”

तिथून पुढे मी खाली वाकून बघितलं. एकेक रोप वीतभर अंतरावर, जणू कुणी दोरी लावून टोचलेलं. माझ्या वहीत मडमने असं पेरल्याचं लिहिलेलं होतं. इथे ते खरोखर उगवलं होतं. मात्र मधूनमधून दोन-दोन हात रान जरा दाट होतं, आणि मी नाक वर करून ते दाखवलं. म्हटलं, हे काय? यात नियमितपणा कुठे आहे?

“तितं राग आल्ता,” मनकर्णा शांतपणे म्हणाली.

हे गावाला नवं नव्हतं. तिच्या तासांतून लोक असंच काय काय वाचत. बायका पुढे सरसावल्या. ही दाटी कुणाची?

“ही रंगूची. माजी परात न्हेली ती पोळ्यापास्नं दिली न्हाई.”

रंगुबाई मागे सरकली.

“ही म्हसोबाच्या पुजाऱ्याची. ते मी आता सांगत न्हाई, त्याची बायकू हितं हाय.”

“आणि ही?” मी विचारलं. ही दाटी चांगली दहा हात लांब होती.

“ही तुमची, भाऊसाहेब.”

पुन्हा सगळा बांध लोळला. या वेळी मीही हसलो, काय करणार? पाटील डोळे पुसत पुढे निघाले आणि चिंचेजवळच्या टोकाला थांबले. तिथे जोंधळा इतका दाट होता की माती दिसत नव्हती. “आरं बापरे! आन् ही कुनाची गं?”

मनकर्णा पदराशी चाळा करत म्हणाली, “ती व्हय... ती मडमच्या वटीची.” आणि वर म्हणाली, “मानसाला एक सकाळ हुती वर्सातली. ती बी लोखंडाला दिली.”

ती हे हसतच म्हणाली होती. पण कुणी हसलं नाही. बनुबाई त्या दाट जोंधळ्याकडे बघत उभी राहिली. आठ दिवसांपूर्वी आपण काय विसरलो, ते तिला त्या वेळी आठवलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम उतरला. मला तर जागच्या जागी इतकी शरम वाटली की कोट काढून ठेवावासा वाटला. अब्बांच्या मशीनने अब्बांचे डोळे वाचवले होते. माझं मशीन हिचं काय वाचवणार होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पाटलांनी घसा साफ केला. निवाडा सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितला, “मडम माघारी धाडा, भाऊसाहेब. आन् तिच्या रानात दर तिसरं तास रिकामं हाय, वल सुकायच्या आत आजच पेरून घ्या. कानिफ, मोघं काढ.” मोघं म्हणजे एकाच नळीचं चाडं, अशी राहिलेली तासं भरायला.

माझ्या मुठीत अजून ते हळकुंड आणि दोन सुपाऱ्या होत्या. त्यांचं काय करायचं ते कळेना. फेकू कसं? मी बनुबाईपुढे हात केला. “हे तुमचं... कुणाकडे देऊ?”

“दिलेली वटी माघारी घ्येत न्हाईत,” असं म्हणत बनुबाईने ते घेतलं. मग बियाण्याची टोपली पुढे ओढली. “मनकर्णे, पदर कर.”

मनकर्णाने पदर केला. बनुबाईने एक ओंजळ बी घातलं. दुसरी घातली. तिसऱ्या ओंजळीबरोबर तिने ते हळकुंड आणि त्या सुपाऱ्या मनकर्णाच्या पदरात घातल्या.

रंगुबाईने तोंड उघडलं. बनुबाईने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि रंगुबाईने तोंड मिटलं.

“घे,” बनुबाई मनकर्णाला म्हणाली. “तिला पचली न्हाई.” आणि उरलेल्या दोन ओंजळी घातल्या.

पंचवीस वर्षांत त्या पदरात कुणी हळकुंड घातलं नव्हतं. मनकर्णा खाली बघत उभी राहिली. आता ही काहीतरी बोलणार, बनुबाईला नाहीतर मला तरी चार शब्द ऐकवणार, म्हणून सगळे वाट बघत होते. तिने पदर कमरेला खोचला, मोघ्याची नळी हातात धरली आणि चालायला लागली.

कानिफनाथाने पहिल्या तासाच्या मध्यावर मागे पाहिलं. ओठ मिटलेले. वळताना पुन्हा पाहिलं. दुसऱ्या तासात आणखी एकदा. घागर चिंचेखाली भरलेली होती, पण या वेळी त्याने कासरा टाकला नाही. बैलांना हलकेच हाकत राहिला. तिसऱ्या तासाच्या तोंडाशी आमच्यापर्यंत आवाज आला, “आरं बहिऱ्या, बैल हाय का गोगलगाय? हाक की नीट!” आणि बांधावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

मडम मी परत नेली. खोटं कशाला बोलू, नळ्या साफ केल्यावर पुढच्या गावी ती बरी चालली. तिथे मी बायका ताट घेऊन येताना दिसल्याबरोबर झाकणावर बसलो. पण पुढे दरवर्षी उत्तरा लागली की काही ना काही निमित्त काढून मी हिवरकुंडला जात असे. मनकर्णाला मावशी म्हणायला लागलो, आणि तिच्या रानात दरवर्षी माझ्या नावची हातभर दाटी असे. एके वर्षी ती दाटी नव्हती, तर मला चुकल्यासारखं झालं.

त्या वर्षीचा अहवाल मात्र साहेबांना द्यावाच लागला. आठ दिवसांनी मी पुन्हा पट्टीवर जाऊन सगळी तासं मोजली. छापील तक्त्यात यंत्राच्या रकान्यात ‘नळीत अडथळा’ असं लिहिलं. अडथळा कशाचा, ते लिहिलं नाही. हाताच्या रकान्यात, पहिली सहा तासं सोडून, ‘उत्तम’ लिहिलं. नंतर भरलेल्या तासांचा रकाना वेगळा होता. तिथे खरं ते लिहिलं, ‘पहिली दोन तासे विरळ व वेडीवाकडी, बाकी उत्तम.’ पुढे छापलेलं होतं, ‘विरळ असण्याचे कारण.’

मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, ‘पेरणारी गप्प होती.’

अहवाल परत आला. साहेबांनी त्या ओळीखाली तांबड्या शाईने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘म्हणजे काय? खुलासा करावा.’

तो खुलासा मी आज करतोय.